‘काही नाही झालं’ म्हणण्याची किंमत

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळच्या रांगेत एक ठरावीक तक्रार रोज भेटते. बाई चाळिशी-पंचेचाळिशीची. अंग मोडून येतं, डोकं जड असतं, पाठ भरून येते, हातापायांना मुंग्या येतात, सकाळी उठवत नाही. ‘कधीपासून?’ विचारलं तर ‘झालं की वर्ष-दीड वर्ष’. ‘घरी काही काळजी, काही त्रास?’ यावर मान हलते, ‘नाही हो, काही नाही.’ सोबत आलेली जाऊ कौतुकानं पुस्ती जोडते, ‘लई सोशिक आहे ती. भावजी गेले तेव्हासुद्धा डोळ्यातून पाणी काढलं नाही. सगळं घर तिनंच सावरलं.’ मागे रांग उभीच असते. चिठ्ठीवर कॅल्शियम, बी कॉम्प्लेक्स आणि दुखण्याची गोळी लिहिली जाते. खरं तर त्या पाच मिनिटांत आजाराची सगळ्यात महत्त्वाची माहिती जावेनं दिलेली असते, आणि केसपेपरवर नेमकी तीच उतरत नाही.

सोशिक, खंबीर, पदर खोचून उभी राहणारी, सगळं पोटात घालणारी. मराठीत बाईच्या कौतुकाचे शब्द मोजायला बसलं तर त्यातले बरेचसे सोसण्यापाशी जाऊन थांबतात. रडणाऱ्या मुलाला ‘बायकांसारखं काय रडतोस’ म्हणून गप्प करायचं आणि न रडणाऱ्या बाईला खंबीर म्हणायचं, असा आपला दुहेरी हिशेब आहे. म्हणजे रडणं हा बायकांचा स्वभाव ठरवायचा आणि तो दाबण्याला त्यांचं सामर्थ्य म्हणायचं. या हिशेबाची किंमत शरीर कशी मोजतं, यावर गेल्या तीसेक वर्षांत बरंच संशोधन झालं आहे.

राग, भीती किंवा दुःखाच्या क्षणी शरीर धोक्यासाठी सज्ज होतं. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, तळहातांना घाम येतो. चेहरा कोरा ठेवला म्हणून ही सज्जता थांबते का? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १८० तरुणींना चित्रफिती दाखवल्या. काही दुःखद, काही विनोदी, काही साध्या. काही जणींना फक्त बघायला सांगितलं, तर काहींना बजावलं की काय वाटतंय ते चेहऱ्यावर दिसता कामा नये. भावना लपवणाऱ्यांचे चेहरे शांत राहिले, पण त्यांच्या हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर पडणारा ताण वाढलेला आढळला. साधी चित्रफीत पाहताना असा फरक पडला नाही. म्हणजे चेहरा आवरण्याच्या श्रमाचा हा परिणाम नव्हता; आत भावना उसळलेली असताना तिच्यावर झाकण धरण्याचा होता. त्याहून लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढे आहे. लपवल्यामुळे दुःख कमी जाणवलं असं झालं नाही, पण विनोदी चित्रफितीतली मजा मात्र कमी वाटली. ‘आता कशातच मन रमत नाही, सणवारसुद्धा उरकल्यासारखे होतात’ असं सांगणाऱ्या बायकांची आठवण इथे व्हावी.

पुढच्या प्रयोगांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. भावना दाबत बसलेल्या माणसाला त्या वेळी ऐकलेलं-पाहिलेलं नीट आठवत नाही, कारण मेंदूची बरीचशी ताकद चेहऱ्यावर पहारा ठेवण्यात खर्ची पडते. ‘हल्ली फार विसरायला होतं, गॅसवर दूध ठेवलेलं लक्षातच राहत नाही’ ही तक्रार करणाऱ्या प्रत्येकीला विस्मरणाचा आजार नसतो. दुसरी गोष्ट २००३ मधल्या एका प्रयोगातली. दोन अनोळखी बायकांना एका क्लेशकारक विषयावर बोलायला बसवलं आणि त्यातल्या एकीला भावना लपवायला सांगितल्या. तर समोरच्या बाईचा रक्तदाबही वाढला. तिला काही ठाऊक नव्हतं, पण आपण भिंतीशी बोलतोय हे शरीराला कळत होतं. घरातल्यांना त्रास नको म्हणून बाई गप्प राहते, अशी समजूत असते. त्या गप्प राहण्याचाही घरावर भार पडतो.

आता एक शंका येईल. हे सगळे प्रयोग अमेरिकेतले. आपल्याकडे मोठ्यांसमोर आवाज न चढवणं, चारचौघांत स्वतःला आवरणं हे संस्कारच आहेत. शंका रास्त आहे. २००७ मध्ये याच संशोधकांच्या गटाला आढळलं की आशियाई मूल्यांत वाढलेल्या अमेरिकी तरुणींमध्ये भावना आवरण्याचे तोटे कमी दिसतात. सासऱ्यांच्या आजारपणात त्यांच्यासमोर हसतमुख राहणारी सून स्वतःहून संयम ठेवत असेल, आणि स्वयंपाकघरात आल्यावर नवऱ्याजवळ किंवा बहिणीला फोन करून मोकळी होत असेल, तर तो संयम तिला जड जाणार नाही. बोलण्याची कुठेच सोय नाही म्हणून जी गप्प आहे तिची गोष्ट वेगळी. बाहेरून दोघी सारख्याच शांत दिसतात.

या दुसऱ्या प्रकारच्या गप्प राहण्याबद्दल अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या अभ्यासानं धक्का द्यावा असा निष्कर्ष दिला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि हृदयविकार यांचं नातं जगाला ज्या अभ्यासातून कळलं, तोच हा अभ्यास; १९४८ पासून चाललेला. त्यातल्या पुढच्या पिढीतल्या विवाहित स्त्री-पुरुषांना विचारलं होतं की जोडीदाराशी खटका उडाला तर तुम्ही मनातलं बोलता की मनातच ठेवता? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मनातच ठेवणाऱ्या बायकांचा पुढच्या दहा वर्षांत मृत्यू होण्याचा धोका बोलणाऱ्या बायकांच्या चौपट होता. पुरुषांमध्ये असा फरक दिसला नाही. अर्थात एका निरीक्षणावरून ‘गप्प राहिल्यानं बाई मरते’ असं म्हणता येत नाही. ज्या घरात बोलण्याची चोरी असते तिथे इतरही पुष्कळ बिनसलेलं असू शकतं. पण रक्तदाब मोजताना डॉक्टर मीठ आणि तंबाखूची चौकशी करतात, तशी घरात बोलता येतं का याचीही करावी, इतका हा आकडा नक्कीच मोठा आहे.

आपल्या मातीतला पुरावा गोव्यातला आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली आणि २००५ मध्ये ती ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याची तक्रार १२.१ टक्के स्त्रियांची होती. थकवा म्हटला की कोणताही डॉक्टर आधी रक्त तपासतो. इथेही हिमोग्लोबिन तपासलं. रक्तक्षय आणि थकवा यांचा संबंध सापडला नाही! संबंध सापडला तो घरावरच्या कर्जाशी, गेल्या तीन महिन्यांत उपाशी राहावं लागण्याशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी, वैधव्याशी, परित्यक्ता असण्याशी, स्वतःच्या मर्जीनं काही ठरवता न येण्याशी, आणि खचलेल्या मनाशी. याच स्त्रियांमध्ये अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचाही अभ्यास झाला. तिथेही जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या अवस्थेशी असलेलं नातं अधिक ठळक निघालं. गंमत अशी, की हे त्या बायकांना आधीच ठाऊक होतं. ‘तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे होतंय?’ असं विचारल्यावर सर्वांत जास्त जणींनी ताण आणि मनाचा त्रास हेच कारण सांगितलं. अंगातली उष्णता त्याच्या पाठोपाठ. विचारलं की बायका सांगतात. विचारण्याचीच पद्धत नाही.

याचा अर्थ थकलेल्या प्रत्येक बाईला ‘तुमच्या मनाचं आहे’ म्हणून वाटेला लावायचं असा कुणी घेतला, तर तो उलट्या दिशेचा घात होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि त्यावर उपचार व्हायलाच हवेत. थायरॉइड, मधुमेह, ड जीवनसत्त्वाची कमतरता तपासलीच पाहिजे. हृदयविकाराच्या बाबतीत तर ‘टेन्शन घेते म्हणून होतंय’ हे वाक्य जीव घेऊ शकतं. बायकांना हृदयविकाराचा झटका येताना छातीत कळ येतेच, पण कित्येकदा दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, विलक्षण गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच पुढे येतं. ती बाई सोशिक असेल तर ‘पित्त झालं असेल’ म्हणत सोडा पिऊन पोळ्या लाटत राहते, आणि नेमका उपयोगाचा वेळ निघून जातो. शरीराचं दुखणं अंगावर काढणं आणि मनाचं दुखणं पोटात घालणं, दोन्ही एकाच सवयीतून येतं.

पूर्वीच्या बायका सगळं मुकाट सोसत होत्या, असंही एक गृहीतक असतं. ते खरं नाही. पहाटे जात्यावर बसलेली बाई मुकाट नसे. माहेर, सासर, नवरा, मेलेलं मूल, दूर गेलेला भाऊ, पंढरीचा विठोबा, सगळ्यांशी ती ओवीतून बोलत असे, आणि जोडीला बसलेली दुसरी बाई ते ऐकत असे. गी पॉयत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. जातं ओढणं हे कंबर मोडणारं काम होतं. पिठाची गिरणी आली हे चांगलंच झालं, त्याबद्दल हळहळण्याचं कारण नाही. मात्र दुःखाला नाव देण्याची आणि ते कुणाच्या तरी कानावर घालण्याची रोजची हक्काची वेळही त्याबरोबर गेली. तिच्या जागी आपण दुसरं काही उभं केलं नाही. आता बाई एकटी मिक्सर लावते.

नाव देण्याला मेंदूशास्त्रात आज महत्त्व आलं आहे. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटानं २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दाखवलं की रागावलेला किंवा घाबरलेला चेहरा पाहताना त्या भावनेला शब्दांत नाव दिलं, तर अमिग्डाला या मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल मंदावते आणि विचार करणाऱ्या पुढच्या भागाची वाढते. ‘कसंतरीच होतंय’ या शब्दाच्या जागी ‘मला राग आलाय’, ‘मला भीती वाटतेय’, ‘माझा अपमान झाला’ असं स्वतःशी का होईना म्हणता येणं हे नियमनाचं पहिलं पाऊल आहे. आपल्याकडे मुलींना राग या शब्दापासूनच लांब ठेवतात. मग तो चिडचिड, डोकेदुखी, भांड्यांचा आवाज अशा नावांनी बाहेर येतो.

भावनांचं नियमन म्हणजे त्या दाबणं, हा समज त्यामुळे बदलायला हवा. ग्रॉस यांची मांडणी कुकरच्या उदाहरणानं सांगता येईल. शिट्टी हातानं दाबून धरणं हा शेवटच्या क्षणीचा, सगळ्यात महागडा उपाय. गॅस बारीक करणं हा त्याच्या बराच आधीचा. नेमकं कशानं डोकं तापतं ते ओळखणं, तो प्रसंग टाळता किंवा बदलता येतो का पाहणं, कामाची वाटणी मागणं, लक्ष दुसरीकडे वळवणं, घडलेल्या गोष्टीकडे वेगळ्या बाजूनं बघणं, हे सगळं गॅस बारीक करण्यात येतं. मुलगी उलटून बोलली तेव्हा ‘ही मला जुमानत नाही’ याऐवजी ‘हिची परीक्षा आलीय, घाबरलीय’ असं लक्षात आलं की राग उतरतो, तो दाबावा लागत नाही.

कुकरची उपमा इथेच सोडून दिलेली बरी, कारण ती पुढे दिशाभूल करते. वाफ काढून टाकली की मोकळं वाटेल म्हणून आरडाओरडा करणं, वस्तू आपटणं याचा उपयोग होत नाही. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये दाखवलं की ज्याचा राग आलाय त्याचा विचार करत पोत्याला ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट वाढला. तसंच, तोच अन्याय मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहण्याचंही आहे. त्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ रवंथ करणं असाच आहे. सुसान नोलेन-होक्सिमा यांनी आयुष्यभर याचाच अभ्यास केला. रवंथ करण्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये अधिक असतं, आणि त्यानं नैराश्य लांबतं, असं त्यांनी दाखवून दिलं. मैत्रिणीशी तासभर बोलूनही फोन ठेवल्यावर आणखी जड वाटत असेल, तर बोलणं नव्हे, दोघींचा रवंथ चालू आहे असं समजावं. बोलण्यातून एखादी तरी पुढची हालचाल निघायला हवी, ती कितीही छोटी असो.

‘वेगळ्या बाजूनं बघ’ हा सल्लाही सगळीकडे चालणारा नाही. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला तो देणं क्रूरपणा होईल. तिला श्वासाचे व्यायाम नव्हे, संरक्षण हवं. आणि जिथे मार नाही, साधं रोजचं ओझं आहे, तिथेही प्रश्न केवळ बाईच्या मनाचा नसतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. त्यातली साठ मिनिटं नवऱ्याकडे गेली, तर जे होईल ते कोणत्याही ध्यानधारणेच्या शिबिरात होणार नाही. बाईला ‘स्वतःसाठी वेळ काढ’ असं सांगणारे तो वेळ कुठून काढायचा हे सांगत नाहीत.

पगारी कामातही हेच. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं की चेहऱ्यावर ठरावीक भाव बाळगणं हे श्रमच असतात. वॉर्डातली नर्स एका खाटेवरचा मृत्यू पाहून पुढच्या खाटेवरच्या बाळंतिणीशी हसून बोलते. आशाताई दारोदार जाऊन लोकांची बोलणी ऐकतात. या श्रमांना कामाच्या तासांत जागा नसते, विश्रांतीही नसते. घरी गेल्यावर त्यांनी पुन्हा खंबीर असावं अशी अपेक्षा असतेच.

उपाय महागडे असतात किंवा शहरातच मिळतात असं नाही. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक साधी पद्धत वापरून पाहिली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तींनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ वेळा, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास बोलायचं. बोलणं काय, तर दिवसात कशानं बरं वाटतं, ते काम का सुटलं, ते पुन्हा कसं सुरू करता येईल, अडचण कोणाजवळ मांडता येईल. शेजारणीकडे जाणं, देवळात जाणं, बंद पडलेलं शिवणकाम पुन्हा हाती घेणं अशा गोष्टींतून सुरुवात करता येते. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी हे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के जण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. भाग घेणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ज्यांना औषधांची गरज असते त्यांनी ती घ्यावीतच, त्यात कमीपणा काही नाही. पण कुणीतरी शांतपणे, घाई न करता, न रागावता ऐकणं हासुद्धा उपचार आहे आणि तो मोजता येतो.

घरच्यांसाठी यात एक छोटी गोष्ट आहे. ‘काय झालं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर पहिल्यांदा येणारच. प्रश्न सगळ्यांसमोर, टीव्ही चालू असताना, जेवणाच्या ताटावरून विचारलेला असतो. तोच रात्री भांडी एकत्र आवरताना किंवा स्कूटरवरून जाताना पुन्हा विचारला, आणि उत्तर आल्यावर लगेच उपाय सुचवण्याचा मोह आवरला, तर बहुतेकदा दुसरं उत्तर मिळतं. रडू आलं तर रडू द्यावं. पाणी आणून द्यावं, ‘आता बास’ म्हणू नये.

दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहत असेल, आवडीच्या गोष्टीत रस उरला नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आपण सगळ्यांना ओझं झालोय असं वाटत असेल, तर तो स्वभाव नाही, आजार असू शकतो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात हे सांगावं. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत २०२१ या एका वर्षात देशात आत्महत्या केलेल्या ४५,०२६ स्त्रियांपैकी २३,१७८ गृहिणी होत्या. जगणं नको असा विचार कुणी बोलून दाखवला तर तो गांभीर्यानं घ्यावा, तिला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. फोन तिनंच करायला हवा असं नाही. तिच्या काळजीत असलेली मुलगी, नवरा किंवा शेजारीणही करू शकते.